शाळेचा पट आधी जमिनीवर दिसतो

महाराष्ट्रात कोणत्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या दिवशी पटावर जितकी मुले असतील तितक्यांच्या हिशेबाने पदे मंजूर होतात, अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे समायोजन होते आणि कमी पटाच्या शाळांची यादी तयार होते. ही मोजणी आवश्यकच आहे; ऑक्टोबर २०११ मधल्या राज्यव्यापी पटपडताळणीत बोगस पटाचे जे चित्र उघडे पडले, त्यानंतर ती काटेकोर करणे भागच होते. परंतु पट हा आलेल्या मुलांचा असतो, येणाऱ्या मुलांचा नसतो. शाळेसाठी जागा ताब्यात घेणे, अंदाजपत्रक मंजूर करून घेणे, निविदा काढणे, इमारत बांधून पुरी करणे आणि पदे भरणे या सगळ्याला काही वर्षे लागतात, आणि तेवढ्या अवधीत पहिलीत आलेले मूल चौथी-पाचवीत गेलेले असते. म्हणून सोलापूरपुरते माझे म्हणणे असे आहे की, शाळा कुठे काढायची, वर्गखोल्या कुठे वाढवायच्या आणि कोणत्या शाळेला हात लावायचा नाही, हे निर्णय केवळ मागच्या सप्टेंबरच्या पटावर न घेता जमिनीच्या वापराच्या अभ्यासातून काढलेल्या पाच ते दहा वर्षांच्या अंदाजावर घेतले जावेत. असा अंदाज तयार करून दरवर्षी जाहीर करणे शहरात महापालिकेच्या नगररचना आणि शिक्षण या दोन्ही विभागांवर, आणि शहराबाहेर जिल्हा परिषदेवर, बंधनकारक असावे.

मूल शाळेत दाखल होण्याच्या पुष्कळ आधी त्याच्या घराची नोंद सरकारी दप्तरात झालेली असते. सोलापुरातून विजापूर रोडने सैफुल हा भाग ओलांडून पुढे गेले की हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. एखाद्या शेताच्या बांधावर एन. ए. (बिनशेती) प्लॉटचा फलक लागतो, आत फक्कीने रस्ते आखले जातात, हद्दीचे दगड रोवले जातात, मुरूम पडतो. मग दोन-चार वर्षे त्या दगडांभोवती नुसते गवत वाढते. मग कोपऱ्यातल्या प्लॉटवर बोअर घेतली जाते, पहिले घर उभे राहते, त्याच्या आधाराने दुसरे, तिसरे. आणि एक दिवस सकाळी त्या मुरमाच्या रस्त्यावरून गणवेशातली मुले मुख्य रस्त्यापर्यंत चालत येऊन शाळेच्या रिक्षाची वाट पाहत उभी दिसतात. यातल्या प्रत्येक टप्प्याला कागद आहे. बिनशेतीची नोंद महसूल खात्याकडे, रेखांकनाची मंजुरी आणि बांधकाम परवाना नगररचना विभागाकडे, जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र तिथेच, त्यानंतर मिळकतकराची आकारणी, नळजोड आणि महावितरणचे मीटर. १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारे राज्याचे प्राधिकरण, सुरू झाल्यामुळे तिथे नोंदलेल्या प्रकल्पात किती सदनिका आहेत आणि त्या कधी पूर्ण होणार आहेत, हेही कोणालाही पाहता येते. म्हणजे तीन वर्षांनी कोणत्या भागात किती कुटुंबे राहायला येणार याचा पुरावा आज आपल्याजवळ आहे. फक्त तो ज्या टेबलांवर पडून आहे, त्यांपैकी एकही टेबल शाळेचे नाही.

अमेरिकेत घरांवरून येणाऱ्या मुलांचा अंदाज बांधण्याची पद्धत रुळली, त्याला तिथली व्यवस्था कारणीभूत आहे. तिथे शाळा चालवणारे जिल्हे हे बहुतेक ठिकाणी नगरपालिकेपासून वेगळे, स्वतःच्या हद्दीचे आणि स्वतःचा कर बसवणारे असतात, आणि मूल सर्वसाधारणपणे आपल्या पत्त्याला लागू असलेल्या सार्वजनिक शाळेत जाते. त्यामुळे नवी वसाहत मंजूर झाली की तिचा भार कोणत्या शाळेवर पडणार हे नकाशावर बोट ठेवून सांगता येते. तिथले नियोजक दोन हिशेब एकत्र करतात. पहिला, यंदाच्या पहिलीतली किती मुले पुढच्या वर्षी दुसरीत टिकतील, दुसरीतली किती तिसरीत, असा इयत्तावार प्रवाहाचा. दुसरा घरांचा: स्वतंत्र बंगला असेल तर सरासरी किती मुले, सदनिका असेल तर किती, भाड्याचे घर असेल तर किती, हे प्रमाण त्याच जिल्ह्यातल्या आधीच्या वसाहतींवरून काढायचे आणि मंजूर झालेल्या घरांना त्याने गुणायचे. पहिला हिशेब स्थिर वस्तीत चांगला चालतो, पण जिथे शेताचे प्लॉट होत आहेत तिथे तो फसतो, कारण नवीन आलेले मूल कालच्या पटात कुठेच नसते. कॅलिफोर्नियात १९८६ च्या कायद्यामुळे शाळा-जिल्ह्यांना नव्या बांधकामावर शुल्क आकारता येते, आणि बांधकामामुळे किती मुले वाढणार हे दाखवूनच त्या शुल्काचे समर्थन करावे लागते. त्यामुळे हा अंदाज तिथे हौसेचा विषय न राहता कायदेशीर गरज बनला.

आपल्याकडेही कायदा आहे, पण त्याच्या दोन टोकांची गाठ पडलेली नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ९ नुसार परिसरात शाळा उपलब्ध करून देणे आणि आपल्या क्षेत्रात राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. दुसरीकडे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखडा करण्यापूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करावाच लागतो. म्हणजे ज्याला जमिनीच्या वापराचा अभ्यास म्हणतात तो आपल्याकडे नवा नाही. मात्र तो आराखड्याबरोबर होतो आणि आराखड्याच्या सुधारणेची मुदत वीस वर्षांची आहे. वीस वर्षांत प्राथमिक शाळेच्या पाच-पाच वर्षांच्या चार पिढ्या येऊन जातात. शिवाय आराखड्यात शाळांची आरक्षणे टाकताना जे मापदंड वापरले जातात ते लोकसंख्येच्या सरासरीवर चालतात. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत पाच हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा धरली आहे. ही पाच हजार माणसे नुकतीच लग्ने झालेली जोडपी आहेत की निवृत्तिवेतन घेणारे आजी-आजोबा, हे त्या मापदंडाला कळत नाही.

हा फरक किती मोठा असतो ते शहराबाहेरच्या कुंभारी गावच्या माळावर दिसते. असंघटित कामगारांसाठीच्या रे नगर प्रकल्पात ३०,००० घरांची योजना आहे. तिचे भूमिपूजन जानेवारी २०१९ मध्ये झाले आणि पहिल्या टप्प्यातली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांना अर्पण झाली. या दोन तारखांमध्ये पाच वर्षांचे अंतर आहे, आणि शाळा उभारायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आता हिशेब पाहू. दर दोन घरांमागे सहा ते चौदा वयाचे एकच मूल धरले, आणि कामगार कुटुंबांच्या वस्तीत हा अंदाज फुगवलेला म्हणता येणार नाही, तरी ३०,००० घरांत १५,००० मुले होतात. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. म्हणजे सव्वाचारशे ते पाचशे शिक्षक आणि जवळपास तितक्याच वर्गखोल्या. यातली सगळी मुले सरकारी शाळेत येणार नाहीत हे मान्य करून आकडा निम्मा केला, तरी तो नेहमीच्या वार्षिक तरतुदीतून भागणारा नाही. हे गणित २०१९ मध्ये कागद-पेन्सिलीने करता येत होते. त्यासाठी जनगणनेची वाट पाहण्याची गरज नव्हती.

आणि कुंभारीच्या बाबतीत तर मोजपट्टीही शेजारीच होती. त्याच गावच्या हद्दीत गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ पासून नांदते आहे. राहणारे लोक त्याच थरातले, घरांचे आकारमान लहानच, शहरापासूनचे अंतर सारखे. त्या वसाहतीत पहिल्या वर्षी किती मुले शाळेत जात होती, पाचव्या वर्षी किती, पंधराव्या वर्षी किती, हे जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरांवरून आणि अंगणवाड्यांच्या नोंदींवरून काढले, तर सोलापूरच्या कामगार वसाहतीत एका घरामागे किती मुले धरायची आणि वसाहत जुनी होत जाईल तसे ते प्रमाण कसे बदलते, याचे आपले स्वतःचे कोष्टक तयार होईल. पुण्याच्या किंवा परदेशातल्या प्रमाणाची उसनवारी करावी लागणार नाही. माझ्या मते या एका कामाइतके उपयुक्त संशोधन सोलापूरच्या शिक्षणासाठी दुसरे नाही, आणि केगावच्या विद्यापीठातल्या भूगोलाच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते एका शैक्षणिक वर्षात करता येण्यासारखे आहे.

वसाहतीचे वय हा मुद्दा जुळे सोलापूर या उपनगरात उलट बाजूने दिसतो. शिक्षक, बँक कर्मचारी, सरकारी नोकर यांनी जेव्हा तिथे प्लॉट घेऊन घरे बांधली, तेव्हा घरोघरी शाळकरी मुले होती. आज त्यातल्या कित्येक बंगल्यांत दोन वृद्ध माणसे राहतात आणि मुले पुण्यात नोकरीला आहेत. त्याच गल्लीच्या टोकाला मात्र नवी पाच मजली इमारत उभी आहे आणि तिच्या वाहनतळात लहान सायकलींची रांग आहे. जमीन वापराच्या नकाशावर दोन्ही ठिकाणी रहिवासाचा एकच पिवळा रंग असतो. म्हणून नुसता वापर नोंदवून भागत नाही. बांधकाम कोणत्या वर्षाचे, घर किती खोल्यांचे, मालक राहतो की भाडेकरू, हे त्याच्या जोडीला लागते, आणि यातला बराचसा तपशील मिळकतकराच्या आकारणीत आधीच नोंदलेला असतो.

पूर्व भागात तर हा रंगच अपुरा पडतो. साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या पट्ट्यात खाली यंत्रमाग आणि वर कुटुंब ही पिढ्यानपिढ्यांची रीत आहे. सर्वेक्षण करणारा माणूस दिवसा गेला, तर मागांचा खडखडाट ऐकून त्या मिळकतीपुढे उद्योग लिहील. सायंकाळी गेला तर जिन्यावर चपलांचे सात-आठ जोड पाहून रहिवास लिहील. दोन्ही खरेच आहे, पण शाळेच्या दृष्टीने मोलाचा आहे तो जिना. आणखी एक बदल असा की माग भंगारात गेले की त्या शेडच्या भिंती घालून खोल्या होतात आणि त्या भाड्याने दिल्या जातात. एका मिळकतीत एक कुटुंब होते तिथे चार होतात, आणि यासाठी कोणताही नवा परवाना निघालेला नसतो. अशा ठिकाणी परवान्यांच्या फायलींवर विसंबून चालणार नाही. वीजमीटरांची संख्या आणि अंगणवाडी सेविकेची घरभेटीची वही अधिक खरे बोलेल.

हीच अडचण गुंठेवारीची. १९९२ च्या हद्दवाढीने सोलापूर शहराचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढून सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. शेळगी, बाळे, देगाव, मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे ही गावे शहरात आली. त्या नव्या हद्दीत रेखांकन मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवर नगरे वसली. अशा वस्त्यांसाठी २००१ चा कायदा झाला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची मुभा मिळाली. गुंठेवारीत शाळेसाठी जागा कोणी सोडत नाही, कारण तिथे मोकळी जागा सोडायला लावणारा आराखडाच नसतो. जिथे मुले सर्वांत वेगाने वाढतात तिथे कागद सर्वांत कमी, अशी ही स्थिती आहे. या भागांसाठी उपग्रह चित्रांचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नाही. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र हे राज्याचेच आहे. दरवर्षी एकाच महिन्यातली दोन चित्रे शेजारी ठेवून नवी छपरे मोजणे हे आज अवघड काम राहिलेले नाही.

जन्मनोंदणीवरून पहिलीतल्या प्रवेशांचा अंदाज बांधावा, असे कोणी सुचवेल. छोट्या गावात ते चालेल. सोलापुरात ती नोंद दिशाभूल करते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आणि सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात व खाजगी दवाखान्यांत अक्कलकोट, मोहोळ, धाराशिवपासून सीमेपलीकडच्या विजापूर, कलबुर्गीपर्यंतच्या स्त्रिया बाळंतपणासाठी येतात. त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे, म्हणजे सोलापूरच्या सुनेचे मूल लातूरच्या दप्तरात आणि सोलापूरच्या लेकीचे मूल सोलापूरच्या दप्तरात. ही मुले सहा वर्षांनी कोणत्या पेठेतल्या शाळेच्या दारात उभी राहतील ते जन्मदाखला सांगू शकत नाही. घर सांगू शकते.

तरीही घर सगळेच सांगत नाही, आणि या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप तोच आहे. अमेरिकेत घरावरून शाळा ठरते, आपल्याकडे पालक शाळा निवडतात. एकाच इमारतीतली चार मुले चार संस्थांच्या बसमधून चार दिशांना जातात. त्यात सोलापुरात मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशी माध्यमे. जवळ शाळा असून ती आपल्या माध्यमाची नसेल तर ती त्या मुलासाठी नसल्यासारखीच. मला हा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. जमिनीच्या अभ्यासातून आपण एकूण मुले काढतो. त्यातली किती कोणत्या माध्यमाकडे आणि कोणत्या व्यवस्थापनाकडे जातील हा दुसरा हिशेब आहे, आणि त्यासाठी लागणारी माहिती यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत आता विद्यार्थीनिहाय जमा होते. एखाद्या शाळेतली मुले कोणत्या भागातून येतात हे पत्त्यावरून नकाशावर मांडले, की त्या भागातला माध्यमांचा कल दिसतो. शिवाय पालकांची निवड ही पुष्कळदा उपलब्धतेचीच सावली असते. ज्या वसाहतीत पहिली दहा वर्षे चालत जाण्याजोगी सरकारी शाळाच नव्हती, तिथल्या पालकांनी खाजगी शाळा निवडली असे म्हणणे अर्धसत्य आहे. त्यांच्यापुढे दुसरे काही नव्हते. पट नाही म्हणून शाळा नाही आणि शाळा नाही म्हणून पट नाही, हा फेरा मागच्या पटाकडे पाहून कधीच तुटणार नाही.

जुन्या पेठांबद्दल काळजीने बोलायला हवे. रे नगरात गेलेली कुटुंबे आकाशातून पडलेली नाहीत. ती शहरातल्या भाड्याच्या खोल्यांतून तिकडे गेली, म्हणजे तिथे वाढलेला पट इथे घटणार. त्यात राज्याचा एकूण जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आलेला आहे. पेठांतल्या काही शाळांत वर्ग रिकामे पडतील हे खरेच आहे. पण हाच अभ्यास रिकामी होणारी शाळा वाचवूही शकतो. मुरारजी पेठेत जुन्या मिलच्या आवारात, जिथे १८७७ साली गिरणी सुरू झाली होती, तिथे आज वसाहत आहे. गिरणी बंद पडली त्या काळात आसपासच्या शाळांचा पट पाहून कोणी कायमचा निर्णय घेतला असता, तर पुढे आलेल्या घरांचा विचार त्यात नसता. वाडा पाडून इमारत उभी करण्याचा परवाना ज्या गल्लीत निघतो आहे, तिथली वीस पटाखालची शाळा आणि जिथे घरांची गोदामे होत आहेत तिथली वीस पटाखालची शाळा, या दोन वेगळ्या शाळा आहेत. दोघींना एकाच यादीत बसवून एकच आदेश काढणे हा मुलांवर अन्याय आहे, आणि तो बहुधा सर्वांत गरीब मुलांवर होतो, कारण दूरच्या शाळेच्या रिक्षाचे भाडे त्यांनाच परवडत नसते.

अंदाज वेळेवर न केल्याची सर्वांत मोठी किंमत जमिनीत मोजावी लागते. विकास आराखड्यात शाळेसाठी राखलेली जागा आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर जमीनमालक १९६६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी-सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे रद्द ठरते. मालकाची बाजू चुकीची नाही; त्याने किती काळ अडकून पडावे याला मर्यादा हवीच. पण महापालिकेकडे पैसा तुटपुंजा असताना कोणते आरक्षण आधी घ्यायचे, याचा निर्णय कशाच्या आधारे व्हावा? ज्या आरक्षणाभोवतीच्या एक किलोमीटरच्या वर्तुळात पुढच्या पाच वर्षांत सर्वांत जास्त मुले वाढणार आहेत, ते पहिले, असा क्रम लावता आला तर प्रत्येक रुपयाचे समर्थन करता येईल. हा क्रम लावलेला नसला की ज्याची सूचना आधी आली त्याचे प्रकरण आधी पुढे येते, आणि मुलांच्या गरजेचा त्याच्याशी संबंध उरत नाही. गेलेले आरक्षण पुन्हा मिळत नाही. भोवती घरे उभी राहिल्यावर दोन एकर मोकळी जमीन कुठून आणणार?

याला वेगळा विभाग किंवा महागडी सल्लागार संस्था लागत नाही. नगररचनेतला एक अभियंता, शिक्षण विभागातला एक विस्तार अधिकारी आणि संगणकावर नकाशा हाताळणारा एक कर्मचारी दर एप्रिलमध्ये महिनाभर एकत्र बसले तरी पहिला मसुदा होईल. व्यक्तींची नावे त्यात लागतच नाहीत. वर्तुळनिहाय घरांची आणि मुलांची संख्या पुरेशी आहे. अडचण हद्दीची मात्र आहे. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते, तिथल्या शाळा जिल्हा परिषदेच्या. पण तिथल्या आयांची कामे शहरात, आणि घरून निघताना मुलाला बरोबर घेऊन शहरातल्या शाळेत सोडणे त्यांतल्या अनेकींना सोयीचे. हद्दीच्या रेषेवर अंदाज तोडला तर दोन्ही बाजूंचे आकडे चुकतील, म्हणून शहर आणि त्याला लागून असलेली गावे यांचा नकाशा एकच असला पाहिजे, आणि तो करून घेण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असावी.

२०११ नंतर रखडलेली जनगणना आता २०२७ ची होणार आहे, तोपर्यंत थांबू, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की जनगणनेचे प्रभागनिहाय तपशील हाती येईपर्यंत आज तीन वर्षांचे असलेले मूल शाळेत गेलेले असेल. जनगणना आली की तिच्यावर आपले प्रमाण ताडून पाहावे. ती येण्याआधी काम सुरू असेल, तरच ताडून पाहायला काही असेल. पहिल्या वर्षी अंदाज चुकतील. शहराच्या एका भागात गुंतवणुकीचे प्लॉट दहा वर्षे रिकामे राहतात, दुसऱ्या भागात भोगवटा प्रमाणपत्राआधीच लोक राहायला येतात, आणि हे फरक अंदाज चुकल्यावरच कळतात. म्हणून प्रत्येक सप्टेंबरच्या पटाशेजारी आदल्या एप्रिलचा अंदाज छापून तो वर्तुळनिहाय आणि माध्यमनिहाय जाहीर करावा, आणि ज्या वर्तुळात तफावत मोठी आहे तिथे केंद्रप्रमुखांनी प्रत्यक्ष जाऊन कारण नोंदवावे. सुरुवात दोनच ठिकाणी केली तरी चालेल: एक जुळे सोलापूर, जिथे कागद भरपूर आहेत आणि मुलांची ये-जा दोन्ही दिशांना आहे, आणि दुसरे कुंभारी, जिथे रे नगरच्या उरलेल्या घरांच्या किल्ल्या वाटल्या जाण्याआधी वर्गखोल्यांची संख्या ठरवली पाहिजे.